रेसची वायर गेली कशी

साताऱ्यात किंवा मिरजेत जुनी होंडा सिटी व्हीटेक, झेन नाहीतर एस्टीम हौसेनं सांभाळणाऱ्याची नव्या गाडीबद्दल एक तक्रार ठरलेली असते: रेसला वायर नाही, म्हणून पायाला जान लागत नाही. तक्रार खरी आहे, पण कारण चुकतं. नव्या गाडीत वायरऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असतो: पेडलखालचा सेन्सर इशारा देतो आणि मोटर बटरफ्लाय, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी गोल झडप, बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास नेते. पाय त्याहून चपळ नसतो. उशीर विजेच्या तारेत नाही, ईसीयूतल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या) प्रोग्रॅममध्ये घातलेला आहे.

केबलच्या गाडीत पेडल, पोलादी वायर, थ्रॉटल बॉडीवरचा (बटरफ्लाय बसवलेल्या नळीवरचा) वायर ओढणारा कॅम आणि बटरफ्लाय एवढीच साखळी. बटरफ्लाय जवळपास ९० अंश फिरतो, पण कमी आरपीएमला पहिल्या ३०-४० अंशांतच इंजिनाला हवी तेवढी बहुतेक हवा मिळून जाते. त्यामुळे पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळते आणि आपण ‘पिकअप भारी’ म्हणतो. उरलेल्या पेडलमध्ये फारसं काही शिल्लक नसतं.

मग एवढं सोपं काम मोटरकडे का दिलं? १९८७ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७५०आयएल या व्ही-१२ गाडीत केबल नव्हती. सिलिंडरच्या दोन रांगांना दोन थ्रॉटल बॉडी आणि प्रत्येकीला स्वतःची मोटर. चाक घसरू लागलं की ताकद कमी करायची, तर चालकाचा पाय दाबलेला असतानाही बटरफ्लाय मिटवता आला पाहिजे. केबलला ते जमत नाही. १९९३ च्या टोयोटा सुप्रात ट्रॅक्शन कंट्रोलसाठी, म्हणजे हीच चाकाची घसरण रोखायला, केबलचा बटरफ्लाय तसाच ठेवून त्याच वाटेत मोटरवर चालणारा दुसरा बटरफ्लाय बसवला. जुगाडच म्हणायचा, पण अडचण नेमकी कुठे होती ते त्यावरून कळतं.

पुढचा क्रम पाहिला तर ही व्यवस्था साध्या गाड्यांतून वर गेली नाही, ताकदवान गाड्यांतून खाली आली. १९९७ ची शेव्हरले कॉर्व्हेट सी-५ वायरशिवायच आली. १९९८ च्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये आठ सिलिंडरना आठ बटरफ्लाय आणि ते हलवणारी मोटर. ‘स्पोर्ट’ बटण दाबलं की तेवढ्याच पेडलला ते जास्त उघडतात. सगळ्यात बोलकं उदाहरण पोर्श ९११ चं आहे. ९९६ पिढीच्या सुरुवातीला कॅरेरा-२ केबलवर होती, त्याच ३.४ लिटर इंजिनाची कॅरेरा-४ स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी वाकडी सरकू न देणारी यंत्रणा) घेऊन आली आणि तिची केबल गेली. होंडा एस-२००० लाही २००६ साली स्टॅबिलिटी कंट्रोल आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बरोबरच मिळाले. बॉशच्या एमई-७ प्रणालीपासून ईसीयू पेडलकडे ‘बटरफ्लाय इतका उघड’ असं न बघता ‘इतका टॉर्क (इंजिनाचा फिरवणारा जोर) हवा’ असं बघू लागला. गिअरबॉक्स, एसी, स्टॅबिलिटी, टर्बोचा दाब, सगळ्यांचं ऐकून बटरफ्लायचा कोन तोच ठरवतो.

आपल्या भागात हे आलं ते मात्र डिझेलमधून. जुन्या सुमो-बोलेरोची केबल थेट डिझेल पंपाच्या लिव्हरला जायची. २००२ च्या ह्युंदाई ॲक्सेंट सीआरडीआयपासून कॉमन रेल इंजिनं (ज्यांत डिझेल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो) आली आणि पेडलखाली फक्त सेन्सर उरला. त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं आठवत नाही, कारण टर्बो डिझेलच्या ओढीपुढे पेडलची जान कोण बघतो!

सुस्तीची खरी कारणं दोन. पाय काढल्यावर धूर-प्रदूषणाच्या हिशेबानं ईसीयू बटरफ्लाय सावकाश मिटवतो, म्हणून गिअर बदलताना आरपीएम लटकून राहतात. दुसरं म्हणजे पहिल्या पाव पेडलला मुद्दाम कमी हवा दिलेली असते. बाजारात मिळणारा ‘पेडल बॉक्स’ पेडलचं व्होल्टेज फुगवून सांगतो, बाकी काही नाही. ताकद एक बीएचपीनंही वाढत नाही.

घाटात या व्यवस्थेचा एक गुण दिसतो. सातारा साधारण ७०० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. तेवढ्या चढाईत हवेचा दाब सात-आठ टक्के उतरतो. केबलच्या गाडीत पाय तेवढा जास्त दाबावा लागतो. टॉर्कवर चालणारा ईसीयू तेवढ्याच पेडलला बटरफ्लाय जास्त उघडून देतो. त्यामुळे कमी पडलेली ताकद पूर्ण रेस देऊन एसटीला ओव्हरटेक करायला गेल्यावरच कळते.

बिघाडही वेगळे. केबल पेडलकडच्या टोकाला किंवा निपलजवळ (वायरच्या टोकाच्या मण्याजवळ) एकेक तार तुटत जाते; पावसाचं पाणी कव्हरमध्ये शिरून गंज धरला की रेस अडकते. बदलल्यावर २-३ मिमी ढील ठेवावी आणि इंजिन बंद ठेवून, दुसऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगून बटरफ्लाय शेवटपर्यंत उघडतो का ते पाहावं. केबल फार ताणली तर बटरफ्लाय पूर्ण मिटत नाही, आयडलिंग चढतं आणि पसरणी घाट उतरताना पाय काढूनही इंजिन गाडीला रोखत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो.

इलेक्ट्रॉनिकमध्ये पेडलला दोन आणि बटरफ्लायला दोन सेन्सर असतात. पुष्कळ गाड्यांत पेडलच्या एका सेन्सरचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं असतं. बटरफ्लायवर एकाचं चढतं तेव्हा दुसऱ्याचं उतरतं आणि बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. हिशेब जुळला नाही की ईसीयू मोटरचा करंट तोडतो, स्प्रिंग बटरफ्लाय किंचित उघडा धरून ठेवते आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे कशीबशी गॅरेजपर्यंत जाण्यापुरत्या ताकदीवर, रखडते. स्कॅनरवर पी २१३५ हा बिघाडाचा कोड आला तर भांडण थ्रॉटल बॉडीवर असण्याची शक्यता जास्त, पी २१३८ आला तर पेडलवर. थ्रॉटल बॉडी मागवण्याआधी कनेक्टरच्या पिना आणि अर्थिंगची वायर बघा. मग चावी ऑन, इंजिन बंद ठेवून पेडल अगदी हळू दाबत लाइव्ह डेटा पाहा. मध्येच आकडा उडी मारतो तिथे सेन्सरच्या आतला ट्रॅक (घासणारी पट्टी) झिजलेला आहे.

कार्बन साफ करताना बोटानं बटरफ्लाय ढकलू नये, आतले प्लॅस्टिकचे दात तुटतात. क्लीनर फडक्यावर मारून पुसावा, आणि काम झाल्यावर कंपनीच्या पद्धतीनं ॲडाप्टेशन करावं, म्हणजे ईसीयूला बटरफ्लायचा कोन नव्यानं शिकवावा. नाहीतर घाणीच्या काळात शिकलेल्या कोनावरच ईसीयू चालतो आणि स्वच्छ केलेली गाडी सिग्नलला हजार-बाराशेवर घोंघावत राहते.