काढता येणारी आसंजके

काढता येणारी आसंजके : ठरावीक काळ दोन वस्तू धरून ठेवणारी आणि काम संपल्यावर हाताने ओढताच, पृष्ठभागाला इजा न करता व मागे चिकटा न ठेवता निघणारी चिकट द्रव्ये. कागदी चिकटपट्टी (मास्किंग टेप), चिकटचिठ्ठ्यांच्या (पोस्ट-इट) पाठीवरचा थर, मळून वापरायचा लुकणासारखा गोळा आणि ताणून काढायच्या पट्ट्या हे त्यांचे मुख्य प्रकार. काचेवर नुसती बसणारी व्हिनिलची चित्रे पुष्कळदा याच वर्गात घातली जातात. त्यांत आसंजक नसतेच; गुळगुळीत पृष्ठभागांच्या निकट स्पर्शावर ती टिकतात, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

‘तात्पुरते’ आणि ‘काढता येणारे’ यांत नेहमी गल्लत होते. पातळ खळीने लावलेली पताका दोन दिवसांत आपोआप गळते आणि खळीचा डाग भिंतीवर राहतो; ती तात्पुरती खरी, पण कधी सुटायचे हे तीच ठरवते. काढता येणाऱ्या आसंजकाने लोंबत्या वजनाखाली आठवडेच्या आठवडे सरकू नये आणि बोटांनी ओढले की मात्र मुकाट यावे, अशा दोन उलट अपेक्षा असतात. चिकटपणा नुसता कमी करून त्या पुऱ्या होत नाहीत. ओढण्याची दिशा, वेग आणि थराची रचना यांवर सारी मदार असते.

स्वरूप : ही आसंजके दाबसंवेदी, म्हणजे नुसत्या दाबाने चिकटणाऱ्या, वर्गातली आहेत. सरस किंवा डिंक वाळून कडक होतो तेव्हा जोड पक्का होतो. दाबसंवेदी आसंजक वाळत नाही, कायम मऊच राहते. दाबल्यावर ते पृष्ठभागाच्या खाचाखोचांत शिरते, आणि ओढल्यावर घट्ट द्रवासारखे ताणले जाऊन विरोध करते. रबर व राळ यांचे मिश्रण हा जुना प्रकार, तर अ‍ॅक्रिलिक बहुवारिके (पॉलिमर) हा नंतरचा. रबरी थर हवा व उजेडाने पिवळा पडतो, अ‍ॅक्रिलिक पुष्कळ काळ स्वच्छ राहतो. किती मऊपणा पुरे, याचा निकष ३एम या अमेरिकी कंपनीतील संशोधक कार्ल डाल्क्विस्ट यांनी दिला : सुमारे १ सेकंदाच्या दाबाला थराचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणाचे माप) साधारण ३ लाख पास्कलपेक्षा कमी हवा. त्याहून कडक द्रव्य पृष्ठभागाला नुसते टेकते, धरत नाही. थंडीत चिकटपट्ट्या ‘धरत नाहीत’ त्याचे कारण हेच. गारठ्याने थर या मर्यादेच्या वर जातो.

सोलण्याचे बल कोनाप्रमाणे बदलते. भौतिकीविज्ञ रिव्हलिन यांनी १९४४ मध्ये दिलेल्या संबंधानुसार, न ताणणाऱ्या पट्टीसाठी एकक रुंदीमागचे बल म्हणजे सोलण्याची ऊर्जा भागिले (१ वजा कोनाची कोज्या, म्हणजे कोसाइन). भिंतीशी काटकोनात ओढताना लागणारे बल एकक धरले, तर पट्टी पूर्ण उलटी दुमडून १८०° ला ओढताना ते निम्मे भरते आणि ३०° ला सुमारे साडेसातपट होते. कोन शून्याकडे जाईल तसे ते बेसुमार वाढते. भिंतीला समांतर लोंबणारे वजन पट्टी का पेलते आणि तीच पट्टी कडेने उचलली की का निघते, याचा उलगडा येथे होतो. केंडल यांनी १९७५ मध्ये पट्टीच्या स्वतःच्या ताणाचा भाग या समीकरणात घातला. प्रत्यक्षात सोलण्याची ऊर्जा स्थिर नसते, वेगाबरोबर वाढते. सावकाश ओढलेली पट्टी अलगद येते आणि हिसक्याने ओढलेली रंगाचा पापुद्रा घेऊन येते.

इतिहास : कापडावर रबरी चिकटा थापून बनवलेल्या औषधी पट्टीचे अमेरिकी पेटंट होरेस डे यांनी १८४५ मध्ये घेतले आणि दाबसंवेदी आसंजकांचा आरंभ बहुधा तेथूनच मोजतात. मात्र ‘काढता येणे’ हाच हेतू धरून केलेली पहिली यशस्वी वस्तू १९२५ ची मास्किंग टेप मानावी लागते. मोटारी दोन रंगांत रंगवण्याची टूम तेव्हा होती. रंगारी वर्तमानपत्र आणि मिळेल ती चिकटपट्टी लावून अर्धा भाग झाकत. पट्टी काढताना ताजा रंगही सोबत निघे. ३एम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी चुणीदार कागदावर सौम्य आसंजक बसवून तो प्रश्न सोडवला. सुरुवातीच्या पट्टीच्या फक्त कडांना चिकटा होता व त्यावरून चिडलेल्या रंगाऱ्याने दिलेल्या शेऱ्यातून ‘स्कॉच’ (म्हणजे कंजूष) हे नाव आले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती जरा जास्तच बेतल्यासारखी वाटते.

चिकटचिठ्ठीची कुळकथा अधिक प्रसिद्ध आहे. स्पेन्सर सिल्व्हर १९६८ मध्ये ३एममध्ये भक्कम आसंजक शोधत असताना त्यांच्या हाती अ‍ॅक्रिलेट सहबहुवारिकाच्या सूक्ष्म गोळ्या लागल्या. या गोळ्या विरघळत किंवा वितळत नाहीत. कागदावर त्या विखुरलेल्या राहतात, समोरच्या पृष्ठभागाला ठिकठिकाणी बिंदूंनीच स्पर्श करतात आणि म्हणून पुनःपुन्हा लावता येतात. त्यांचे पेटंट (अमेरिकी क्रमांक ३६९११४०) १९७२ मध्ये मिळाले. भजनसंग्रहातील खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडतात या त्रासावरून त्यांचे सहकारी आर्थर फ्राय यांना १९७४ मध्ये या गोळ्यांचा उपयोग सुचला. या गोष्टीत एक टप्पा नेहमी गाळला जातो. गोळ्या ज्या कागदाला लावायच्या त्यालाच धरून राहात नव्हत्या, समोरच्या पानावर उतरत. ३एममधील हेन्री कोर्टनी आणि रॉजर मेरिल यांनी कागदावर आधी द्यायचा बंधक थर तयार केला, तेव्हा कुठे चिठ्ठी ‘काढता येणारी’ झाली. शोधाचे श्रेय एका भाग्यवान चुकीला देणाऱ्या वर्णनांपेक्षा या थराला महत्त्व देणारी मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. १९७७ मध्ये चार शहरांत चाचणी विक्री झाली आणि १९८० मध्ये अमेरिकाभर विक्री सुरू झाली. हीच कल्पना आपली १९७३ सालची, असा अ‍ॅलन अ‍ॅम्रन यांचा दावा आहे. त्याला अभ्यासकांत फारसा आधार मिळालेला नाही.

मळायच्या गोळ्याचे जनकत्व खरोखरच वादग्रस्त आहे. बॉस्टिक कंपनीचा ‘ब्लू टॅक’ १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये आला. हे द्रव्य आपणच सांधे बुजवायचे मिश्रण करताना अपघाताने बनवले, असे हॅम्पशरमधील रॅली बाँडाइट कंपनीत काम केलेले अ‍ॅलन हॉलोवे सांगत. अमेरिकेतील ‘प्लास्टी-टॅक’ या नावाची नोंदणी मात्र १९६४ ची दिसते, आणि नोंदणी हाच निकष धरला तर अग्रक्रम तिकडे जातो. घटकद्रव्ये सगळीकडे थोड्या फरकाने तीच : कृत्रिम रबर, चुनखडीची पूड, खनिज तेल. मूळ पांढरा गोळा मुले च्युइंगम समजून तोंडात घालतील या भीतीने निळा केला गेला.

ताणून काढायची पट्टी : या प्रकाराचे श्रेय बहुतेक सामान्य लेखनात ३एमच्या १९९६ च्या ‘कमांड’ मालिकेला दिले जाते. मूळ तत्त्व मात्र जर्मनीतील बायर्सडॉर्फ कंपनीच्या १९८३ च्या पेटंट अर्जात आढळते आणि त्याच कंपनीच्या टेसा नावाखाली अशा पट्ट्या बाजारात आल्या. पट्टीचे खाली डोकावणारे शेपूट चिमटीत धरून भिंतीला समांतर, सावकाश खाली ओढायचे. पट्टी आपल्या लांबीच्या कितीतरी पट ताणली जाते, ताणताना अरुंद आणि पातळ होते, आणि कडेपासून आत भिंतीवरचा तिचा स्पर्श सुटत जातो. शेवटी टपकन सारी हातात येते. वर सांगितलेल्या सूत्रानुसार शून्य अंशाच्या जवळ ओढलेली पट्टी जवळजवळ निघताच कामा नये. ती निघते, कारण सूत्र न ताणणाऱ्या पट्टीचे आहे. शेपूट भिंतीपासून बाहेर, स्वतःकडे ओढले तर पट्टी तुटते किंवा रंग उपटते, आणि तक्रारी बहुतांशी याच चुकीच्या असतात.

उपयोग : कलाकुसर आणि सणासमारंभाची सजावट यांतील वापर सर्वपरिचित आहे. स्टेन्सिल जागेवर धरणे, कात्रणे चिकटवण्यापूर्वी मांडून पाहणे, पताका, झालरी, कागदी फुले व दिव्यांच्या माळा लावणे ही नेहमीची कामे. भिंतीवर आधी मास्किंग टेप लावून तिच्यावर गरम गोंदाचा थेंब द्यायचा, ही कारागिरांची युक्ती. गोंद कायमचा असला तरी सारे पट्टीबरोबर निघते. नक्षीदार ‘वाशी’ (जपानी कागदाच्या) पट्टीचा उगम जपानमधील कुराशिकी येथील कामोई काकोशी या कंपनीत आहे. १९२३ मध्ये माश्या पकडायचे चिकट कागद बनवण्यापासून तिने सुरुवात केली, पुढे रंगकामाची पट्टी बनवली. २००६ मध्ये त्या पट्टीच्या काही हौशी स्त्रिया कारखाना पाहायला आल्या आणि २००८ मध्ये सजावटीची रंगीत मालिका निघाली.

वजन पेलण्याच्या छापील मर्यादा सपाट टांगलेल्या वस्तूला धरून असतात. आकडा (हूक) भिंतीपासून जितका पुढे, तितकी पट्टीची वरची कड सोलली जाण्याकडे ओढ; म्हणून जाड फुलांचे तोरण हलके असूनही पडते. लावण्यापूर्वी भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, पट्टी ३० सेकंद दाबणे आणि आकड्यावर तासाभराने वजन देणे एवढ्याने बराच फरक पडतो, कारण थराला खाचांत उतरायला वेळ लागतो. ताज्या रंगाच्या भिंतीला किमान आठवडा द्यावा. भुकटणारा चुना, भिंतीवरचा सजावटी कागद आणि खरबरीत विटा यांवर या पट्ट्यांचा भरवसा नाही.

दोष : नीट ओढूनही पट्टी रंगासकट आली तर दोष बहुधा रंगाचा असतो, रंग आणि भिंत यांच्यातला जोड हा साखळीतला सर्वांत कच्चा दुवा ठरलेला असतो. चिकटचिठ्ठी खालून वर ओढली की कागद वळतो व ती भिंतीवर फुलपाखरासारखी उभी राहते. आडवी, एका बाजूकडून काढली तर सपाट राहते. मळायच्या गोळ्यातील तेल कागदात व रंगात झिरपून डाग पडतो, आणि उरलेले कण त्याच गोळ्याने टिपून काढणे सर्वांत सोपे पडते. उन्हात राहिलेल्या पट्टीचा रबरी थर आधी पातळ होऊन पसरतो, मग कडक व ठिसूळ होतो. अशा चिकट्याला टर्पेंटाइन लागते, अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल पुरते.

अभिलेखागारे आणि वस्तुसंग्रहालये ‘काढता येणारी’ हे विशेषण मान्य करत नाहीत. चिकटचिठ्ठी उचलल्यावरही काही सूक्ष्म गोळ्या पानावर राहतात व त्यांवर धूळ बसते, म्हणून जुन्या कागदपत्रांवर ती लावू देत नाहीत. कागदाच्या दुरुस्तीसाठी तेथे आजही गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. ती सोलून निघत नाही, पण ओलाव्याने फुगते आणि पुढच्या दुरुस्तीकाराला पाण्याने उतरवता येते.