तारा आधी, वाट नंतर: एफपीजीए राउटिंगची पार्श्वभूमी

नवी मुंबईत सेक्टर आणि रस्ते आधी आखले गेले, गर्दी नंतर आली. एफपीजीए, म्हणजे तयार झाल्यावरही हवं ते सर्किट बसवता येणारी चिप, तिचंही तसंच. तारा आणि स्विच फॅबमधूनच, म्हणजे चिपच्या कारखान्यातूनच, पक्के होऊन येतात. कोणता स्विच जोडायचा, एवढंच आपल्या हाती. असे स्विच निवडून प्रत्येक जोडणीची वाट ठरवणं म्हणजे राउटिंग. ट्रॅक, म्हणजे तारेची मार्गिका, कमी पडला म्हणून नवा टाकता येत नाही. 1985 च्या झायलिंक्स एक्ससी2064 मध्ये लॉजिक ब्लॉक, म्हणजे सर्किटचं काम करणारे ठोकळे, होते अवघे 64. पुढे ब्लॉक वाढले आणि हाताने जोडणी सोडवण्याचे दिवस संपले.

ली यांची 1961 ची पद्धत तेव्हा हाताशी होतीच: उगमापासून घरागणिक लाट पसरवायची, टोक गाठलं की माग काढत परतायचं. एका तारेला सर्वांत छोटा मार्ग हमखास मिळतो. गोची आहे ती क्रमात. पहिला नेट (म्हणजे एक जोडणी) मोक्याचा ट्रॅक पटकावतो, शेवटच्याला वाटच उरत नाही.

1983 मध्ये कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेची यांनी सिम्युलेटेड अॅनिलिंग मांडलं: छोटे छोटे बदल करत चांगलं उत्तर शोधायचं. त्यात नुकसानीचा बदलही कधीकधी पत्करायचा असतो; किती वेळा, ते 'तापमान' नावाचा हळूहळू उतरवला जाणारा आकडा ठरवतो. खर्च 4 ने वाढवणारा बदल तापमान 10 असताना साधारण 67 टक्के वेळा स्वीकारला जातो. तापमान 1 वर आलं की 2 टक्क्यांहूनही कमी. प्लेसमेंटमध्ये, म्हणजे सर्किटचा कोणता भाग कोणत्या ब्लॉकवर बसवायचा हे ठरवताना, हे इतकं रुळलं, की टोरांटोच्या बेट्झ आणि रोझ यांच्या 1997 च्या व्हीपीआर या प्लेसमेंट-राउटिंगच्या सॉफ्टवेअरनेही तेच घेतलं.

राउटिंगला जेनेटिक अल्गोरिदम, म्हणजे उत्तरांचा संकर करत पिढ्यान्पिढ्या सुधारणारी पद्धत, मात्र तितका मानवला नाही. दोन चांगल्या उत्तरांचा संकर केला की अनेकदा दोन नेट एकाच तारेवर येतात, म्हणजे सरळ शॉर्ट. मग प्रत्येक पिढीत दुरुस्ती करत बसा!

1995 मध्ये मॅकमर्ची आणि एबलिंग यांच्या पाथफाइंडर या राउटिंग पद्धतीने वेगळी वाट धरली: सुरुवातीला टक्कर होऊ द्या, मग गर्दीच्या तारेचा भाव फेरीगणिक चढवा, जुन्या गर्दीची नोंदही ठेवा. वाशीचा खाडीपूल तुंबला, की घणसोलीहून घाटकोपरला निघालेला ऐरोलीच्या पुलाने वळतो. वाशीहून मानखुर्दला जाणारा त्याच पुलावर राहतो, त्याला दुसरी सोयीची वाट नाही. भाव फार झपाट्याने चढवला तर पुन्हा क्रमाचीच सद्दी. फार हळू चढवला तर फेऱ्या संपत नाहीत.

तेच दोन नेट एका ट्रॅकसाठी फेरीमागून फेरी भांडत असतील, तर बहुतेक वेळा खोट प्लेसमेंटमध्ये असते. आधी सीड, म्हणजे प्लेसमेंटची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा, बदलून पाहा, फेऱ्यांची मर्यादा नंतर वाढवा.