ऐंशी रुपये होतच नाहीत

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी भाची लाकडी नंदी ओट्यावर ठेवून बोजाऱ्याची चिल्लर मोजत बसली होती. वर्धेकडच्या आमच्या गावात लेकरं नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि प्रत्येक घरून हातावर दोन-पाच रुपये पडतात, तोच बोजारा.

"आजी, तेवीस नाणे, ऐंशी रुपये!"

आई सुपात तूर पाखडत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "एकचे हायेत का त्यात?"

"नाही. सारे दोनचे अन् पाचचे."

"मंग ऐंशी होतच नाहीत. पुन्हा मोज."

पुन्हा मोजले, तर एकोणऐंशी निघाले.

आईने उभी हयात आठवडी बाजारात भाजी विकली. समीकरण हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही. तिने मनात तेवीसच्या तेवीस नाणी दोनचीच धरली. झाले ४६ रुपये. आता दोनचं एक नाणं उचलून त्या जागी पाचचं ठेवलं, तर नाणी तेवढीच राहतात आणि रक्कम ३ ने वाढते. म्हणजे ४६ च्या पुढे रक्कम तीन-तीननेच चढणार. ८० मधून ४६ गेले की ३४ उरतात आणि ३४ ला तीनने पूर्ण भाग जात नाही. नाणं काही अर्धं-पाऊण नसतं, म्हणून ऐंशी अशक्य. ७९ मधून ४६ गेले की उरतात ३३. म्हणजे पाचची ११, दोनची १२.

दहावीच्या गणितात हेच 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या नावाने येतं. दोनच्या नाण्यांची संख्या क्ष, पाचच्या नाण्यांची य.

क्ष + य = २३
२क्ष + ५य = ७९

पहिल्या समीकरणाला २ ने गुणलं की २क्ष + २य = ४६. हे दुसऱ्यातून वजा केलं की ३य = ३३. आईचे ४६ इथेही आले, ३३ सुद्धा आले. वहीत 'क्ष चा लोप केला' असं लिहितो, ते आईच्या भाषेत 'सारे दोनचेच धर'. मला हे फार मोलाचं वाटतं. पोरांना आधी आईची रीत दाखवावी आणि मग क्ष-य हाती द्यावेत.

शिकवणीच्या पोरांच्या वह्या तपासताना दिसतं, की वजाबाकी सहसा चुकत नाही, मांडणी चुकते. 'क्ष = दोनची नाणी' एवढंच लिहिलेलं असतं. संख्या की रक्कम? तिथेच घोळ होतो, आणि मग कोणी क्ष + य = ७९ लिहून मोकळं होतं. नग वेगळे, रुपये वेगळे. एक ओळ नगांची, एक ओळ रुपयांची. यातली एकच ओळ हाती असेल तर भागत नाही: नुसते ७९ रुपये दोनच्या आणि पाचच्या नाण्यांत आठ तऱ्हांनी होतात. पाचचं एक आणि दोनची ३७ इथपासून पाचची १५ आणि दोनची २ इथपर्यंत.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणितात' अशीच दोन माणसं आणली आहेत. पहिला म्हणतो, मला शंभर दे, मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, मी तुझ्या सहापट होईन. उत्तर: पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. त्या काळी क्ष-य नव्हते. अव्यक्त संख्यांना यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक अशी नावं होती. काळा, निळा, पिवळा! फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं तर आजही पोरांच्या लवकर ध्यानात येतं.

भाचीचा बोजारा मग आम्ही किराणा दुकानातल्या काट्यावर टाकला. २०११ पासूनच्या मालिकेतलं दोनचं नाणं ४.८५ ग्रॅमचं, पाचचं पिवळं ६ ग्रॅमचं. २०१९ पासूनच्या नव्या नाण्यांची वजनं वेगळी आहेत, पण तिच्याकडे त्यातलं एकही नव्हतं. १२ दोनची ५८.२ आणि ११ पाचची ६६, मिळून १२४.२ ग्रॅम भरायला हवं होतं. काट्यावर आले १३६.

जवळजवळ १२ ग्रॅम जास्त! पाचचं जुनं, जाड, पांढरं नाणं ९ ग्रॅमचं असतं, म्हणजे पिवळ्यापेक्षा ३ ग्रॅमने जड. ती किती, हा तिसरा अव्यक्त. आणि काट्याने त्याच्यासाठी तिसरं समीकरण दिलं. भाचीने बोटांवर हिशेब केला, "मामा, चार असतील," म्हणाली, आणि ढीग विस्कटून जाडी नाणी बाजूला काढायला लागली. एक, दोन, तीन... चौथं नंदीच्या चाकाखाली सापडलं असतं तर काटा चुकला असता. ते ढिगातच होतं.