विकरे : प्रकार आणि सजीवांतील कार्य

विकर किंवा एन्झाइम म्हणजे सजीवांच्या पेशीत तयार होणारा उत्प्रेरक. तो अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि ती उरकली की पुढच्या रेणूकडे वळायला मोकळा होतो. बहुतेक विकरे प्रथिने असतात, थोडी आरएनएची. मुळात अशक्य असलेली अभिक्रिया विकर घडवून आणत नाही. एरवी फार रेंगाळणारी अभिक्रिया शरीराच्या साध्या तापमानाला आटोपते. यकृतातील कॅटॅलेजचा एक रेणू सेकंदाला हायड्रोजन पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो.

इतिहास : १८३३ मध्ये पायें आणि पेर्सो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या सातूतून स्टार्च विरघळवणारे डायस्टेज वेगळे केले. १८९७ मध्ये एदुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाटून पिळलेल्या रसानेही साखर आंबते, त्याला जिवंत पेशी लागत नाही, हे दाखवले. त्यासाठी त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विकर हे प्रथिन असते ही गोष्ट मात्र वादातच होती. जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये जॅक बीन या, आपल्या अबईच्या जवळच्या शेंगेच्या बियांपासून युरिया फोडणाऱ्या युरिएज या विकराचे स्फटिक काढले, तेव्हा तिला पहिला भक्कम आधार मिळाला.

वर्गीकरण : विकर कोठे सापडते यावर त्याचा वर्ग ठरत नाही, ते कोणती अभिक्रिया घडवते यावर ठरतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत सहा वर्ग होते आणि २०१८ मध्ये सातवा आला. ऑक्सिडोरिडक्टेज इलेक्ट्रॉनांची देवघेव घडवतात, ट्रान्स्फरेज रेणूतील एक गट उचलून दुसऱ्या रेणूला जोडतात, हायड्रोलेज पाण्याच्या साहाय्याने बंध तोडतात, लायेज पाण्याशिवाय बंध तोडतात किंवा जोडतात, आयसोमरेज त्याच रेणूची रचना बदलतात आणि लायगेज एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा खर्चून दोन रेणू सांधतात. सातवा वर्ग ट्रान्सलोकेजचा. ही विकरे आयन किंवा रेणू पेशीपटलाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेतात. ही नावे नुसती पाठ करून फारसे हाती लागत नाही. एखादा पदार्थ घेऊन त्यात काय काय चालते ते पाहावे, आणि बेळगाव सीमाभागात त्यासाठी उसापलीकडे जायची गरज नाही.

उसातील विकरे : निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोड टोळ्या उतरतात. तोडलेला ऊस लगेच मरत नाही. त्याच्या पेशींतील इन्व्हर्टेज हे हायड्रोलेज सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत राहते. या दोन्ही साखरा गोडच, पण कारखान्याला हवे असतात ते सुक्रोजचे दाणे. कारखान्याच्या आवारात ट्रॉल्यांची रांग लांबली, त्यात ऊन कडक असले, की वजन घटते आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाणही घसरते. जळलेल्या उसात हे आणखी झपाट्याने होते. कांड्याच्या कापलेल्या तोंडातून ल्यूकोनोस्टॉक हे जिवाणू शिरतात ते वेगळेच. त्यांचे डेक्स्ट्रानसुक्रेज हे ट्रान्स्फरेज सुक्रोजमधला ग्लुकोज काढून त्याची लांब साखळी, म्हणजे डेक्स्ट्रान, बनवते. रस बुळबुळीत होतो, गाळायला वेळ लागतो. साखर एकच, पण एक वर्ग ती फोडून तर दुसरा तिच्यापासून साखळी विणून नुकसान करतो.

तिसरा वर्ग रसवंतीवर दिसतो. चरकातून पडलेला रस पोपटी असतो. पेला हातात धरून गप्पा रंगल्या की तो मातकट होत जातो. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांबे धारण करणारे ऑक्सिडोरिडक्टेज हवेतील ऑक्सिजन वापरून रसातील फिनॉल द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करते. चरकात उसाबरोबर लिंबू पिळतात ते चवीसाठी खरे, पण त्यातल्या आम्लाने हे विकर मंदावते आणि रंगही टिकतो. चिरलेले वांगे काळे पडते ते याच विकरामुळे.

गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की ही सारी विकरे निकामी होतात. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते. मात्र त्याआधी इन्व्हर्टेजने हात मारलेला असेल तर उकळून उपयोग नाही. शिळ्या उसाचा गूळ घट्ट बसत नाही, पावसाळ्यात त्याला पाणी सुटते. तपकिरी रंग दिसला की विकर आठवू नये, हेही इथेच सांगायला हवे. बेळगावच्या कुंद्याचा रंग दुधातील साखर आणि प्रथिने आटवताना तापल्याने येतो. त्या मेलार्ड अभिक्रियेत विकराचा संबंध नाही.

उभ्या पिकात लायेज महत्त्वाचे. उसाच्या पानात हवेतील कार्बन आधी पीईपी कार्बोक्सिलेज पकडते आणि मग तो रुबिस्को या दुसऱ्या विकराकडे पोचतो, दोन्ही लायेज. या दुहेरी मांडणीमुळे ऊस कडक उन्हातही भरभर वाढतो. शेतात टाकलेल्या युरियाचे अमोनिया करते ते मातीतील जिवाणूंचे युरिएज, आणि पिकाच्या पेशीत अमोनिया ग्लुटामेट या अमिनो आम्लाला जोडून घेते ते ग्लुटामाइन सिंथेटेज हे लायगेज.

माणसाच्या शरीरात : ज्वारीची भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, कारण लाळेतील अमायलेज स्टार्च फोडू लागते. जठरातील पेप्सिनला तीव्र आम्ल लागते, तर लहान आतड्यातील ट्रिप्सिन किंचित अल्कधर्मी वातावरणात चालते. एकाचे काम दुसऱ्याच्या जागी होत नाही. खानापूर भागात नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात. मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होते. पेज शिजताना ते स्टार्च तोडते आणि पेज पातळ राहते. म्हणून लहान मुलाला त्याच पेजेत जास्त पीठ घालून देता येते. पचलेल्या अन्नातील ऊर्जा शेवटी एटीपीत साठवते ते सूत्रकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील) एटीपी सिंथेज, आता ट्रान्सलोकेजच्या वर्गात मोडणारे.

रोध आणि विषे : विकराच्या क्रियाशील जागी, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते तिथे, दुसराच रेणू अडकला की काम थांबते. अनेक औषधे अशीच चालतात, आणि विषेही. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक नाकातोंडात किंवा कातडीवाटे गेले तर ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंचा संदेशवाहक रेणू फोडणारे हायड्रोलेज बंद पडते. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप ही त्याची लक्षणे. ॲट्रोपिनने लक्षणे आवरतात. विकर पुन्हा चालू करण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम देतात.

उसाच्या फडात तोडणीच्या वेळी भेटणाऱ्या घोणशीच्या विषात मात्र विकरेच असतात. त्यातील प्रथिने तोडणारी विकरे रक्तातील पाचवा आणि दहावा गोठण घटक एकदम चेतवतात. सगळे गोठण घटक खर्ची पडतात आणि मग रक्त थांबत नाही. दवाखान्यात याची सोपी तपासणी आहे : काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त पातळच वाहिले तर प्रतिविष सुरू करतात.