ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वायरिंगमधील दोषशोध

ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून मागच्या ट्रॉलीचे टेल लॅम्प, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर चालतात. त्या जोडणीत बिघाड नेमका कुठे आहे हे क्रमाक्रमाने तपासून ठरवण्याचे हे काम आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील ऊस पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात, आणि मागचा दिवा बंद असलेली ट्रॉली दुचाकीस्वाराला अगदी जवळ आल्यावरच दिसते. त्यामुळे ही दुरुस्ती उद्यावर टाकण्यासारखी नाही.

तपासणी ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून सुरू करावी. ट्रॉलीचा प्लग काढून सॉकेटवर टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) लावल्यास दोष पुढे ट्रॅक्टरमध्ये आहे की मागे ट्रॉलीत, हे लगेच कळते. आयएसओ १७२४ मानकाच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये १ क्रमांकाची पिन डाव्या व ४ क्रमांकाची उजव्या इंडिकेटरची, ३ अर्थची (प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी), ५ व ७ अनुक्रमे उजव्या-डाव्या टेल लॅम्पची आणि ६ ब्रेकची असते. गावात केलेल्या वायरिंगमध्ये मात्र हाती लागेल त्या रंगाची वायर वापरलेली असते, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक पिन तपासावी.

सर्वाधिक दगा देते ते अर्थिंग. वेगळी अर्थ वायर न टाकता ट्रॉली जोडण्याचा हुक आणि त्याच्या पिनवरच काम भागवलेले असते. तिथे ग्रीस, गंज आणि चिखल साचतो, त्यामुळे उभ्या ट्रॉलीचे दिवे लागतात आणि खड्ड्यात आदळताच जातात. ब्रेक दाबल्यावर टेल लॅम्प मंदावत असेल किंवा इंडिकेटरबरोबर भलताच दिवा लुकलुकत असेल, तर परतीची वाट न मिळालेला प्रवाह दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून जात आहे, असे समजावे. ट्रॉलीच्या चेसीपासून (लोखंडी सांगाड्यापासून) बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक सुटी वायर धरावी. दिवे झळझळीत झाले तर निदान पक्के. मग रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर अर्थ वायर बोल्टने घट्ट कसावी.

व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर इथे फसवू शकतो. वायर आतून गंजून जोड कमकुवत झाला असला, तरी बल्ब काढलेल्या होल्डरवर तो १२ व्होल्ट दाखवतो, पण २१ वॅटच्या ब्रेक बल्बला लागणारा पावणेदोन अँपिअर प्रवाह त्या कमकुवत जोडातून पुरेसा जात नाही. म्हणून मोजमाप दिवा चालू ठेवूनच करावे. प्लगमधील पितळी पिनांवर हिरवट थर चढला असेल, तर तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर चेसीच्या कडेला घासून सोललेली वायर शोधावी. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची सवय घातक आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि तिच्याभोवती वाळलेले पाचट अडकलेले असते.