सिमेंट, सळई, विटा खराब निघाल्या तर बेळगावच्या ग्राहक आयोगात तक्रार कशी करावी

गिलावा नखानं खरवडला की पिठासारखा गळतो, हे पाहून माणूस आधी गवंड्यावर चिडतो, मग दुकान गाठतो. दुकानदार म्हणतो, "माल चांगलाच होता, तुमच्याकडं भिजला." खानापूरच्या पावसात हे कुणालाही खरं वाटेल. तोवर रिकामी पोती गोठ्याच्या छपरावर गेलेली असतात, आणि सिमेंट कधी तयार झालं हे त्यांच्यावरच छापलेलं असतं. म्हणून शंका आली की आधी काम थांबवा आणि पोती बाजूला ठेवा.

तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली होते. स्वतःच्या घरासाठी माल घेणारा तक्रार करू शकतो. पुण्यातल्या मुलानं पैसे दिले आणि त्याच्या संमतीनं गावी वडील घर वापरतात, तर वडीलही करू शकतात. फ्लॅट बांधून विकणाऱ्या व्यावसायिकाला मात्र दिवाणी न्यायालयाचाच रस्ता. माल ठेकेदारानं आणला असेल तर त्यालाही विरुद्ध पक्ष, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, करा. विक्रेता आणि उत्पादक दोघांचीही नावं घाला, नाहीतर एक दुसऱ्याकडं बोट दाखवत बसतो.

आपल्या सीमाभागात हमखास विचारला जाणारा प्रश्न: निपाणीचा माणूस कागलहून सळई आणतो, खानापूरचा चंदगडहून विटा. मग कोल्हापूरला खेटे घालायचे का? गरज नाही. तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते, म्हणजे बेळगावला. मात्र अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत तयार करून घ्या आणि मराठी बिल, करारपत्र यांचं भाषांतर जोडा.

मालासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथं भरपाई किती मागता ते पाहत नाहीत. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, त्यापुढं ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत अर्ज हवा.

कागदपत्रांत जीएसटी बिल सगळ्यात मोलाचं. दोन-चार हजार वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत, आणि अडकतात तेच. बिल नसेल तर फोनवरून पैसे दिल्याची नोंद, काटा पावती, दुकानदाराशी झालेले मेसेज गोळा करा. शिवाय पोत्यावरच्या छपाईचे आणि भेगांचे फोटो, अभियंत्याचा लेखी अहवाल, ठेकेदाराशी केलेला करार, विक्रेत्याला स्पीड पोस्टानं पाठवलेल्या नोटिशीची पोच, आधार कार्ड आणि प्रतिज्ञापत्र. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो. वकील सक्तीचा नाही. अडलं तर १९१५ या हेल्पलाइनवर विचारा.

खरी लढाई नमुन्यावर होते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवतो, अहवाल ४५ दिवसांत मागवतो. तपासणीचा खर्च आधी तक्रारदारालाच भरावा लागतो. सिमेंट संपलेलं असेल तर स्लॅबचा कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेला गोल तुकडा, काढून ताकद मोजता येते, पण ती सिमेंटमुळं कमी आली की गवंड्यानं पाणी जास्त घातल्यामुळं, हा वाद मागं उरतोच. त्यासाठी त्याच लॉटची दोन न उघडलेली पोती फळीवर, भिंतीपासून दूर, प्लास्टिकखाली जपा. आणि थांबू नका: तीन महिन्यांवर पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद आपोआप घटते, मग दोष मुळातला होता हे सांगणं अवघड. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून स्वतःही एक चाचणी लगेच करून घ्या. ४३ ग्रेडच्या सिमेंटची ताकद २८ दिवसांनी किमान ४३ मेगापास्कल (दाब सहन करण्याचं माप) यायला हवी. पोत्यावरचा आयएसआय परवाना क्रमांक खरा आहे का, हे भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर दिसतं.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडं अपील. निकाल तुमच्या बाजूनं लागूनही पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगाकडं अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.