इतिवृत्तासाठी रेकॉर्डिंग: फोन नेमकं काय ऐकतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ‘सभासार’ ही प्रणाली आणली. ग्रामसभेचं ऑडिओ किंवा व्हिडिओ रेकॉर्डिंग तिला दिलं की ती बोलणं अक्षरांत उतरवते आणि इतिवृत्ताचा मसुदा करून देते. सुरुवात त्रिपुरातून झाली. मराठीचीही सोय आहे. उपक्रम स्वागतार्हच आहे. पण ‘आता एआय आलं, प्रोसिडिंग लिहायची कटकट संपली’ हा जो सूर लागतो, तो मला अजिबात पटत नाही. मसुदा किती बरा उतरणार, हे बरंचसं संगणकापर्यंत पोचण्याआधीच ठरलेलं असतं. फोन कुठे ठेवला होता, यावर.

सभेत बसलो तेव्हा सगळं नीट ऐकू येत होतं, नंतर रेकॉर्डिंग लावलं तर नुसता गलका, हा अनुभव अनेकांना असतो. मग फोन हलक्या प्रतीचा म्हणून बोल लावला जातो. खरी गोष्ट भिंतींमध्ये आहे.

बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला आवाज फोनपर्यंत दोन वाटांनी येतो. एक सरळ. दुसरा भिंती, छत आणि फरशीवर आपटत, फिरत फिरत. सरळ येणारा आवाज अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो: अंतर दुप्पट झालं की त्याची ऊर्जा चौथाई. आपटून येणारा आवाज मात्र सगळ्या खोलीत जवळपास सारखाच भरून राहतो. तो किती वेळ घुमत राहील, हे मोजायची रीत हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइन यांनी शोधली. तिथल्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमायचा आणि कोणालाच काही कळायचं नाही. १८९५ पासून सॅबाइन रात्री-रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथे आणून मांडत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजत. त्यातून निघालेलं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले खोलीतल्या वस्तू मिळून जेवढा आवाज शोषतात तो आकडा.

आपलं एखादं समाजमंदिर घेऊ. १२ मीटर लांब, ८ रुंद, साडेतीन उंच. म्हणजे ३३६ घनमीटर. गिलावा, फरशी आणि स्लॅब आवाज जेमतेम चार टक्के शोषतात. सगळे पृष्ठभाग मिळून ३३२ चौरस मीटर; त्याचे चार टक्के, म्हणजे शोषण भरतं सुमारे १३ चौरस मीटर. रिकाम्या सभागृहात आवाज चार सेकंद घुमेल. पन्नास माणसं येऊन बसली की त्यांच्या अंगावरचे कपडे साधारण २० चौरस मीटरची भर घालतात आणि घुमणं १.६ सेकंदांवर येतं.

आता खरी गंमत. एवढ्या सभागृहात सरळ आवाज आणि घुमणारा आवाज समसमान होतात ते अंतर काढलं, तर ते एका मीटरच्या आसपास येतं. फक्त एक मीटर! त्यापलीकडे फोन माणसापेक्षा भिंतीच जास्त ऐकतो. चार मीटरवरून कोणी बोललं, तर घुमणाऱ्या आवाजाची ऊर्जा सरळ आवाजाच्या सोळापट होते. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे पुढचं अक्षर तोंडातून निघतं तेव्हा मागचं खोलीत अजून चांगलंच शिल्लक असतं. स्वर मुळातच दणदणीत, व्यंजनं क्षीण. आधीच्या ‘आ’खाली पुढचा ‘क’ आहे की ‘ख’, हे बुडून जातं. त्यातून मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो. ‘या खर्चाला आमची संमती नाही’ यातलं ‘नाही’ गेलं, तर ठरावच उलटा होतो.

मग आपल्याला कसं ऐकू येतं? आपल्याला दोन कान आहेत. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा फार तर ०.७ मिलिसेकंद आधी पोचतो आणि मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. पहिल्यांदा आलेल्या आवाजाला तो मान देतो आणि काही मिलिसेकंदांनी आलेले त्याचे पडसाद दाबून टाकतो. गर्दीत आपण एकाच माणसाचं बोलणं कसं पकडतो, यावर ब्रिटनच्या कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले होते. एकाच माइकवर सगळे आवाज एका रेषेत मिसळले की दिशेचा तो धागाच तुटतो. ‘नॉइज काढून देतो’ म्हणणारी अ‍ॅप पंख्याची घरघर कमी करतील; पुरतं बुडालेलं व्यंजन परत आणणार नाहीत.

संगणक अशा जागी थांबत नाही, अंदाज करतो. बोलणं अक्षरांत उतरवणाऱ्या ‘व्हिस्पर’ या प्रसिद्ध प्रणालीची तपासणी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडली. सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांत कोणीच न बोललेली अख्खी वाक्यं किंवा वाक्यांश तिने घातले होते. बोलण्यात मोठे खंड असतील तिथे हे जास्त घडत होतं. इतिवृत्तात असं एक वाक्य घुसलं आणि कोणी न वाचता सही केली, तर पुढे वाद अटळ आहे.

म्हणून रेकॉर्डिंग करावं, पण भौतिकशास्त्र सांभाळून. ध्वनिक्षेपक लावला असेल, तर कर्ण्यासमोर फोन धरण्याऐवजी अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून, रेकॉर्डिंगसाठी तार घ्यावी. तिथे माइकमधला आवाज थेट मिळतो. ध्वनिक्षेपक नसेल, तर फोन अध्यक्षांच्या पुढ्यात, जाड कापडावर. विषय बदलला की ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा सचिवाने वहीत घड्याळाची वेळ टिपावी, म्हणजे पुढे दोन तासांचं रेकॉर्डिंग उपसत बसावं लागत नाही. चर्चा थोडी अस्पष्ट राहिली तरी निभावतं. पण प्रत्येक विषय संपताना अध्यक्षांनी माइक हातभर अंतराच्या आत घेऊन ठराव शब्दशः वाचावा, सूचक आणि अनुमोदकांची नावं घ्यावीत, आणि ते होईपर्यंत बाकी कोणी बोलू नये. तेवढं अर्धं मिनिट स्वच्छ हवं.